बीएस्सीचा ग्रुप निवडायचाय, मेजर ठरत नाही: केमिस्ट्री, मायक्रो की स्टॅट?

निशिगंध_१८

नमस्कार. बारावी सायन्स, फिजिक्स-केमिस्ट्री-मॅथ्स-बायो चारही विषय होते, ७६ टक्के. नीट आणि सीईटी दोन्ही दिल्या, पण रिपीट करायचं नाही हे घरी पक्कं ठरलंय. पुण्यातल्या एका कॉलेजात बीएस्सीला प्रवेश मिळालाय. तिथे पहिल्या वर्षी तीन विषय घ्यायचे, दुसऱ्या वर्षी त्यातला एक मेजर (मुख्य विषय), एक मायनर (दुय्यम) आणि तिसरा सोडायचा, असं सांगितलं. मला केमिस्ट्री, मायक्रोबायोलॉजी आणि स्टॅटिस्टिक्स तिन्ही बरे वाटतात, पण कुठलाच एक "हाच" असं वाटत नाही. ग्रुपचा फॉर्म दहा दिवसांत द्यायचाय. ठरवायचं कसं? "आवडेल ते घे" एवढं उत्तर नको, ते सगळ्यांनी सांगून झालंय.

कोष्टक

आधी एक गोष्ट: आज तुला मेजर ठरवायचा नाहीये. आज एवढंच ठरवायचंय की कुठले दरवाजे अजून वर्षभर उघडे ठेवायचे. नवं राष्ट्रीय शैक्षणिक धोरण आपल्याकडे स्वायत्त कॉलेजांत २०२३-२४ ला आणि बाकीच्या संलग्न कॉलेजांत २०२४-२५ ला लागू झालं. तुझ्या कॉलेजासारखी रचना असेल तर पहिल्या वर्षी तिन्ही विषयांना सारखं वजन असतं. म्हणजे चाचपडायला वर्ष मिळतं, पण ते फक्त घेतलेल्या तीन विषयांपुरतं. चौथ्या विषयाकडे नंतर वळणं फार अवघड.

माझा विषय स्टॅट, म्हणून त्याबद्दल नीट लिहितो. इथे दरवर्षी एकच घोटाळा होतो. पहिल्या सत्रात सरासरी, मध्यक, प्रमाण विचलन, सहसंबंध, सोपी संभाव्यता येते. बारावीच्या मुलांना हे हातचं वाटतं, मार्कही चांगले पडतात, आणि त्या मार्कांवर स्टॅट मेजर घेतला जातो. एस. वाय. ला (दुसऱ्या वर्षी) सतत चलांची वितरणं सुरू होतात: गॅमा, बीटा, नॉर्मल, मग काय-स्क्वेअर, टी, एफ. तिथे रोजचं काम म्हणजे इंटिग्रेशन. ज्याने बारावीत इंटिग्रेशन फक्त सूत्रं पाठ करून काढलं, तो इथे अडतो.

म्हणून पहिल्या वर्षाचं पुस्तक बघूच नकोस. कुठल्याही एस. वाय. च्या पुस्तकात दोन चलांच्या रूपांतराचा धडा काढ आणि हे उदाहरण सोडवून बघ: क्ष आणि य हे दोन स्वतंत्र एक्स्पोनेन्शियल चल, दोघांचा मध्य १. क्ष + य चं वितरण काढ आणि क्ष भागिले (क्ष + य) याचंही काढ. पहिलं गॅमा येतं. दुसरं ० ते १ मध्ये सरळ युनिफॉर्म येतं, आणि दोन्ही एकमेकांपासून स्वतंत्र निघतात. लागतं काय, तर आंशिक विकलन, दोन बाय दोनचा निश्चयक (जेकोबियन, इथे त्याची किंमत त्या बेरजेएवढीच येते) आणि नव्या चलांच्या मर्यादा. बहुतेकांचं मर्यादांपाशीच चुकतं: बेरीज शून्यापासून अनंतापर्यंत, गुणोत्तर शून्य ते एक, हे आकृती न काढता लिहायला गेलं की गोंधळ.

त्यासाठी दोन दुपारी दे. उत्तर आलं की नाही हे महत्त्वाचं नाही. तिसऱ्या तासाला "हे युनिफॉर्मच का आलं?" असा प्रश्न मनात उभा राहिला तर स्टॅट तुझ्यासाठी आहे. "संपलं एकदाचं" असं वाटलं तर मेजर म्हणून घेऊ नकोस. मायनरला चालेल.

प्रयोगवही

कोष्टक यांचं म्हणणं प्रयोगाच्या विषयांनाही लागू आहे, फक्त तिथे पुस्तक नाही, प्रॅक्टिकलची यादी बघायची. विद्यापीठाच्या संकेतस्थळावर अभ्यासक्रमाच्या पीडीएफ असतात. टी. वाय. ची (तिसऱ्या वर्षाची) काढ आणि शेवटच्या पानांवरची प्रयोगांची यादी वाच. कारण मेजर घेतला की आठवड्यातला मोठा वेळ तिथेच जाणार.

केमिस्ट्रीत काय करावं लागतं ते एका प्रयोगावरून सांगतो. टी. वाय. ला ऑरगॅनिकमध्ये दोन पदार्थांचं मिश्रण देतात, ते वेगळं करून दोन्ही ओळखायचे. समजा एक कार्बोक्झिलिक आम्ल आणि एक फिनॉल आहे. आधी सोडियम बायकार्बोनेट घालायचं. आम्ल बुडबुडे काढत विरघळतं, फिनॉल तसंच राहतं. गाळून गाळलेल्या द्रवात हायड्रोक्लोरिक आम्ल घातलं की पहिला पदार्थ परत खाली बसतो. जो घाईत आधी सोडियम हायड्रॉक्साइड घालतो त्याचे दोन्ही पदार्थ एकदम विरघळतात, वेगळं काहीच होत नाही. मग ते सगळं परत आम्ल घालून खाली बसवायचं आणि पहिल्यापासून सुरुवात. पुढे प्रत्येक पदार्थ शुद्ध करणं, वाळवणं, वितळणबिंदू घेणं. नीट वाळला नाही तर वितळणबिंदू खाली येतो आणि ओळख चुकते. म्हणजे क्रम पाळणं, प्रत्येक पायरीला "हे आधी का" याचं उत्तर देणं, आणि चार तास उभं राहणं. ज्याला हे कंटाळवाणं वाटत नाही त्याने केमिस्ट्री घ्यावी.

मायक्रोचा स्वभाव वेगळा. तिथे उत्तर त्याच दिवशी मिळत नाही. माध्यम बनवा, ऑटोक्लेव्हमध्ये (वाफेच्या दाबाने निर्जंतुक करायचं भांडं) १२१ अंशांवर १५ पौंड दाबाने १५ मिनिटं ठेवा, प्लेटा ओता, घट्ट होऊ द्या, ज्योतीजवळ स्ट्रीकिंग करा (तारेच्या लूपने जीवाणू प्लेटवर रेघांनी पसरवा), ३७ अंशांवर २४ तास ठेवा. दुसऱ्या दिवशी बघता तर प्लेटवर भलतीच वसाहत. कुठे चुकलं? लूप पुरता लाल झाला नव्हता? झाकण जास्त उघडलं? पाठ करून हे सुटत नाही, हाताला सवय लागते. ग्रॅम स्टेनिंग घे (जीवाणू रंगवून दोन गटांत ओळखायचे, पॉझिटिव्ह जांभळे, निगेटिव्ह गुलाबी): क्रिस्टल व्हायोलेट साधारण मिनिटभर, आयोडीन मिनिटभर, मग अल्कोहोल काही सेकंदच, शेवटी सॅफ्रानिन. अल्कोहोल थोडं जास्त झालं की ग्रॅम पॉझिटिव्ह जीवाणूही गुलाबी दिसतात. कल्चर (वाढवलेले जीवाणू) जुनं असेल तरी तसंच. सूक्ष्मदर्शकात गुलाबी दिसलं म्हणून लगेच "निगेटिव्ह" लिहून मोकळी होणारी मुलगी या विषयात रमत नाही. शंका घेऊन ताज्या कल्चरची दुसरी स्लाइड करणारी रमते.

हे बघायला मिळू शकतं. प्रवेश झालाच आहे, तर विभागात जाऊन लॅब असिस्टंटना विचार, कुठल्या दिवशी टी. वाय. चं प्रॅक्टिकल असतं. विभागप्रमुखांची परवानगी घेऊन तासभर मागे उभं राहू देतात. दोन्ही विभागांत जा.

सांगलीकर

वरच्या दोघांनी विषय आतून दाखवला. मी बाहेरची बाजू लिहितो, म्हणजे कुठल्या पदवीवर कुठला अर्ज भरता येतो. मुलं हे फार उशिरा बघतात.

फूड सेफ्टी ऑफिसर: पात्रतेच्या यादीत मायक्रोबायोलॉजी, बायोकेमिस्ट्री, बायोटेक्नॉलॉजी, फूड टेक्नॉलॉजी यांची पदवी चालते. केमिस्ट्री असेल तर पदव्युत्तर पदवी लागते. एकाच पदासाठी मायक्रोवाल्याला तीन वर्षं पुरतात, केमिस्ट्रीवाल्याला पाच.

इंडियन स्टॅटिस्टिकल सर्व्हिस: पदवीला स्टॅट हा एक विषय असावा लागतो, नाहीतर त्यातली पदव्युत्तर पदवी. स्टाफ सिलेक्शनच्या सीजीएल परीक्षेतून ज्युनियर स्टॅटिस्टिकल ऑफिसर होता येतं. त्याला बारावीच्या गणितात ६० टक्के किंवा पदवीला स्टॅट हा विषय चालतो. पण सांख्यिकीच्या काही पदांना स्टॅट सगळ्या सत्रांत शिकलेला असावा अशी अट असते. स्टॅट मायनर ठेवणाऱ्यांनी ही ओळ जाहिरातीत शोधून वाचावी, कारण मायनर शेवटच्या सत्रापर्यंत चालतोच असं नाही.

यूपीएससी: पूर्वपरीक्षेला कुठलीही पदवी चालते, पण मुख्य परीक्षेच्या वैकल्पिक विषयांत केमिस्ट्री आणि स्टॅट आहेत, मायक्रो नाही. मायक्रोवाल्यांना वेगळा विषय नव्याने करावा लागतो. तेवढ्यासाठी मायक्रो सोडू नये, फक्त माहीत असावं.

शिक्षकी पेशा: अकरावी-बारावीला मायक्रो हा सगळीकडचा विषय नाही, आणि बायोलॉजीच्या जागांवर बॉटनी-झूऑलॉजीवाल्यांना पसंती मिळते. केमिस्ट्रीच्या जागा तुलनेने जास्त कॉलेजांत असतात.

एमएस्सीसाठी आयआयटी जॅम या प्रवेशपरीक्षेचे सात पेपर आहेत: बायोटेक्नॉलॉजी, केमिस्ट्री, इकॉनॉमिक्स, जिऑलॉजी, मॅथेमॅटिक्स, मॅथेमॅटिकल स्टॅटिस्टिक्स, फिजिक्स. मायक्रोचा वेगळा पेपर नाही, ती मुलं बायोटेक्नॉलॉजीचा देतात. स्टॅटच्या पेपरमध्ये गणिताचा भाग वेगळा असतो, म्हणून स्टॅट मेजर असेल तर मायनर गणित हीच जोडी पुढे उपयोगी पडते.

खाजगी नोकऱ्यांत केमिस्ट्रीच्या बीएस्सीवाल्यांना कुरकुंभ, महाड, लोटे, तारापूर अशा एमआयडीसीत क्वालिटी कंट्रोल आणि प्रॉडक्शन ही कामं मिळतात. प्रॉडक्शनला शिफ्ट आल्याच. आर अँड डीत शिरायला एमएस्सी ऑरगॅनिक मागतात. "केमिस्ट्री घेतली की कंपनीत लागतो" हे खरं आहे, पण कुठल्या खात्यात हे पदवीवर ठरतं.

निशिगंध_१८

सगळ्यांचे मनापासून आभार, इतकं सविस्तर कुणीच सांगितलं नव्हतं. आज कॉलेजात जाऊन आले. मला हवा तो ग्रुप (केमिस्ट्री-मायक्रो-स्टॅट) तिथे नाहीच. आहेत ते असे:

अ) केमिस्ट्री, मायक्रो, झूऑलॉजी
ब) केमिस्ट्री, मॅथ्स, स्टॅट
क) फिजिक्स, मॅथ्स, स्टॅट

शिवाय मायक्रोची तुकडी विनाअनुदानित आहे, फी बरीच जास्त सांगितली. आता अ आणि ब मध्ये अडकले. आणि मेजर हवा तोच मिळतो का, की मार्कांवर?

प्रवेशखिडकी

ताई, शेवटच्या प्रश्नापासून सुरू करतो, कारण तिथेच जास्त मुलं फसतात.

बहुतेक कॉलेजांत मेजर पहिल्या वर्षाच्या गुणवत्तेवर देतात, कारण प्रयोगशाळेत जागा ठरलेल्या असतात. केमिस्ट्रीला मागणी जास्त असेल तर खालच्या मुलांना दुसरा विषय घ्यावा लागतो. तीन गोष्टी आत्ताच ऑफिसात विचारून घे, शक्यतो माहितीपुस्तिकेतलं पान दाखवून: गेल्या वर्षी कुठल्या मेजरला किती जागा होत्या, एटीकेटी (विषय राहिलेला) असलेल्याला मेजरच्या यादीत कुठे धरतात, आणि मायनर आपण निवडायचा की कॉलेज ठरवतं. तोंडी "होईल मॅनेज" असं उत्तर आलं तर ते नाही असंच समज.

फीचं: तुकडी अनुदानित की विनाअनुदानित हे विषयानुसार बदलतं, एकाच कॉलेजातसुद्धा. मायक्रो, बायोटेक, कॉम्प्युटर सायन्स बऱ्याचदा विनाअनुदानित असतात. केमिस्ट्री, मॅथ्स, बॉटनी बऱ्याचदा अनुदानित. फक्त पहिल्या वर्षाची फी विचारू नकोस, तिन्ही वर्षांची एकूण विचार, आणि प्रयोगशाळा शुल्क त्यात धरलंय का तेही. उत्पन्नाच्या किंवा जातीच्या आधारावर शिष्यवृत्ती बसत असेल तर महाडीबीटी या सरकारी पोर्टलवरचा अर्ज वेळेत भर. उत्पन्नाचा दाखला चालू वर्षाचा लागतो, आणि आधारला जोडलेलं बँक खातं चालू नसेल तर मंजूर झालेली रक्कमही अडकते.

आता वेळेचं गणित. एका सत्राला २२ क्रेडिट, वर्षाला ४४, तीन वर्षांच्या पदवीला १३२, चौथं वर्ष केलं तर १७६. थिअरीचं एक क्रेडिट म्हणजे १५ तास, प्रॅक्टिकलचं ३०. प्रत्येक विषयाला दोन क्रेडिट थिअरी आणि दोन प्रॅक्टिकल धरलं तर पंधरा आठवड्यांच्या सत्रात आठवड्याला तीन विषयांचे मिळून सहा तास थिअरी आणि बारा तास प्रॅक्टिकल होतात. उरलेली दहा क्रेडिट भाषा, कौशल्य, भारतीय ज्ञान प्रणाली, मूल्यशिक्षण, ओपन इलेक्टिव्ह यांची. सगळं मिळून अठ्ठावीस तासांच्या पुढे जातं. अ ग्रुपमध्ये ते बारा तास पूर्ण लॅबमध्ये उभ्याने. ब मध्ये गणित आणि स्टॅटचं प्रॅक्टिकल टेबलावर किंवा संगणकावर. रोज लांबून येणार असशील तर हा फरक जाणवतो.

ओपन इलेक्टिव्ह वाया घालवू नकोस. ते दुसऱ्या शाखेतलं घ्यावं लागतं. अर्थशास्त्र किंवा मानसशास्त्राबद्दल थोडंही कुतूहल असेल तर पहिल्या दोन सत्रांत तिथेच चाचणी घे. "सोपा पेपर" म्हणून निवडलेल्या इलेक्टिव्हमधून काहीच कळत नाही.

कोष्टक

अ की ब? माझं मत स्पष्ट आहे, कारणासकट देतो.

केमिस्ट्री दोन्हीकडे आहे, म्हणजे केमिस्ट्री मेजरचा दरवाजा कुठूनही बंद होत नाही. खरा प्रश्न गणित ठेवायचं की जीवशास्त्र, एवढाच. गणिताकडून जीवशास्त्राकडे जायला पुढे वाटा आहेत: बायोस्टॅटिस्टिक्स, बायोइन्फर्मॅटिक्स, क्लिनिकल ट्रायलच्या आकडेवारीचं काम. जीवशास्त्राकडून पदवीनंतर स्टॅटकडे वळायला वाट जवळजवळ नाही, कारण तीन वर्षांचं गणित मध्ये राहून जातं. म्हणून खरंच कल समसमान असेल तर ब.

पण ते उदाहरण सोडवताना वीट आला असेल, तर दरवाजा उघडा राहतो म्हणून ब घेऊ नकोस. ज्या दरवाज्यातून जायचंच नाही तो उघडा ठेवण्याची किंमत पहिल्या वर्षाच्या गुणांत मोजावी लागते. गणित आणि स्टॅट दोन्हीत गुण कमी पडले की केमिस्ट्री मेजरच्या यादीतही खाली जाशील. तिन्ही विषयांचे मार्क एकाच सरासरीत येतात ना.

प्रयोगवही

कोष्टक यांच्याशी बऱ्याच अंशी सहमत, एक भर घालतो. अ घेऊन केमिस्ट्री मेजर, मायक्रो मायनर ही जोडी मला ब पेक्षा कमी वाटत नाही. औषध आणि अन्न उद्योगातल्या क्वालिटी कंट्रोलमध्ये दोन लॅब शेजारी असतात: एकीकडे एचपीएलसी (मिश्रणातले घटक वेगळे करून मोजण्याचं तंत्र) आणि टायट्रेशन, दुसरीकडे जंतूंची मोजणी आणि स्टरिलिटी टेस्ट. दोन्हीकडची भाषा कळणाऱ्या माणसाची तिथे किंमत असते. पण सांगलीकर म्हणाले ते इथेही लागू: फूड सेफ्टीसारख्या पदाला मायक्रोची "पदवी" लागते, मायनर पुरणार नाही.

निव्वळ मायक्रो मेजर घ्यायचा असेल तर एमएस्सीपर्यंत जायची घरची तयारी आहे का हे आत्ताच बोलून घ्या. बीएस्सी मायक्रोवर सुरुवातीला लॅब टेक्निशियन पातळीचं काम मिळतं आणि पगार केमिस्ट्रीवाल्यापेक्षा वेगळा नसतो. विनाअनुदानित फी भरून तिथेच थांबणं परवडत नाही.

निशिगंध_१८

उदाहरण सोडवायला घेतलं. बेरजेचं गॅमा आलं, गुणोत्तराच्या मर्यादा चुकल्या, आकृती काढल्यावर सुटलं. उद्या मायक्रोचं प्रॅक्टिकल बघायला परवानगी मिळालीय. शेवटचा प्रश्न: सुरुवातीच्या आठवड्यांत कळलं की चुकलं, तर ग्रुप बदलता येतो का?

प्रवेशखिडकी

बऱ्याच कॉलेजांत सुरुवातीचे काही आठवडे बदलता येतो, प्राचार्यांच्या नावे लेखी अर्ज करून आणि दुसऱ्या ग्रुपमध्ये जागा रिकामी असेल तरच. विद्यापीठाकडे विषयांची नोंदणी गेली की बदल जवळजवळ होत नाही, म्हणून त्या नोंदणीची तारीख विचारून ठेव. बदल केलास तर नव्या विषयाची हजेरी सत्राच्या पहिल्या दिवसापासून धरतात की बदलाच्या दिवसापासून, हेही अर्जावरच लिहून घे. ७५ टक्क्यांच्या अटीत तेवढ्यावरूनही अडतं. आणि फॉर्म भरताना एबीसी आयडीवरचं (क्रेडिट जमा होतात त्या खात्याचा क्रमांक) नाव दहावीच्या गुणपत्रिकेवरच्या नावाशी अक्षरशः जुळतंय ना ते तपास. वडिलांचं नाव मध्ये असणं-नसणं एवढ्या फरकानेही क्रेडिट खात्यात जमा होत नाहीत, आणि ते दुरुस्त करायला विद्यापीठात खेटे घालावे लागतात.